मामांच्या झोपेचा निकष

माझ्या मोठ्या मामांनी आयुष्यात कोणतीच गोष्ट निकषाशिवाय केली नाही. शिंकण्यापूर्वीही ते क्षणभर विचार करत. ‘निकष’ हा शब्द त्यांनी पेपरात छापलेल्या माझ्या एका बातमीतून उचलला. ज्याच्यावर एखादी गोष्ट ठरते तो निकष, एवढा अर्थ मी सांगितला आणि आमच्या निजामपुऱ्यातल्या भाजीवाल्यांची शांतता संपली. "बैंगन अच्छा है बोलता है, उसका निकष क्या?" भाजीवाला घाबरून दोन वांगी जास्त टाकी. रिक्षा ते चालकाच्या मिशीवरून निवडत. सुलभाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, लग्नासाठीही त्यांनी निकष काढला होता: ज्या घरात परक्या माणसाला दुपारी झोप लागते, ते घर चांगलं. स्थळ बघायला गेले की मामा जेवून तिथेच आडवे होत. एका घरी चहासाठी उठवलं, ते स्थळ बाद झालं. मामी म्हणाली, "पोरीला नवरा बघताय का तुम्हाला धर्मशाळा?"

खारबावचा मुलगा सुलभाने स्वतः पसंत केला होता. घर बघायला जाताना ती मला म्हणाली, "दादा, बाबांना तिथं झोप लागू दे रे." घर खाडीच्या बाजूला होतं, खिडकीत चिंचेची सावली हलत होती, जेवण उत्तम झालं. पण मामांचा डोळा लागेना. जन्मभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खटखटीत झोपलेला माणूस. आमच्या गल्लीत लूम थांबले की लोक दचकून जागे होतात. ओटीवर आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. आतून आवाज आला, "घर चांगलं हाय, पन लय शांत हाय. झोप न्हाय लागत." सुलभाचे डोळे भरले. तिने मुलाच्या आईला लूमचं सांगितलं. त्या उठल्या. मधल्या खोलीत शिलाई मशीनवर बसल्या आणि पाय चालवू लागल्या. खटखट, खटखट. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. हळूहळू दुपार जड झाली आणि आत मामा घोरू लागले.

लग्न झालं. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा जेवण झालं की मामा खारबावला फोन लावतात. "सुलभा, विहीणबाईंना मशीनवर बसव. फोन तिथंच ठेव." मग फोन कानाशी धरून पडतात. मी एकदा विचारलं, "मामा, मामीचंही मशीन आहे की घरात. तेच का हवं? निकष काय?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मशीनच्या मागं पोरीच्या बांगड्या वाजतात," ते म्हणाले. "गप, ऐकू दे."