फोटो जरा लहान कर

माझ्या भावाला, हानुसला, गावात कोणी खुळा म्हटलं तर मला राग येत नाही. मी स्वतःच म्हणते. पण त्याच्या खरेपणाचं कोणी कौतुक करायला लागलं की हल्ली मी उठून स्वयंपाकघरात जाते.

हानुस एकसष्ट वर्षांचा. लग्न केलं नाही. शेजारच्या घरात एकटा राहतो आणि दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतो. तरुणपणी दोराने कड्यावर उतरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आमच्या फारो बेटांवर लोमविगीच्या अंड्यांशिवाय जून नाही, आणि हा काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा पक्षी अंडी घालतो ती नेमकी उत्तरेच्या उभ्या कड्यावर. एका जूनमध्ये वरून दगड आला, हानुसचा गुडघा फुटला आणि दोर सुटला तो कायमचा. मग गावाने त्याला मोजणीचं काम दिलं.

दोर सोडण्याआधी समोरच्या सुळक्यावरून कड्याचा फोटो काढायचा आणि त्यातले पक्षी मोजायचे. दोन हजारांच्या खाली आकडा आला तर त्या वर्षी दोर बंद, हा आमच्या आजोबांच्या पिढीने घातलेला नियम. हानुस कागदावरच्या प्रत्येक पक्ष्याला टाचणीने भोक पाडत मोजायचा. बावीस वर्षं त्याने आकडा सांगितला आणि बावीस वर्षं दोर उतरला.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात तो कॅमेरा शिरला. मीडियम फॉरमॅट डिजिटल. कड्याच्या वाटेकऱ्यांच्या बैठकीत त्याने विषय काढला. आमचा चुलतभाऊ रेगिन दोराचा म्होरक्या. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.

"केवढ्याला?"

"लेन्स धरून एक लाख क्रोनर."

"एवढ्यात माझ्या बोटीला नवं इंजिन येईल की रे."

"इंजिन पक्षी मोजत नाही."

"तू तरी कुठे मोजतोस? टाचणी हातात धरून झोपा काढतोस."

सगळे हसले. हानुस नाही हसला. "जुना फोटो मोठा केला की नुसते डाग दिसतात. याच्यात दहा कोटी ठिपके असतात. कड्यावरचा एक पक्षी सुटायचा नाही, शब्द देतो."

एक पक्षी सुटायचा नाही म्हणजे आकडा वाढणार, असा हिशेब रेगिनने मनातल्या मनात केला असणार. कॅमेरा आला.

तो इतका बारीक बघतो की वाऱ्याने जरा हलला तरी फोटो फुकट. हानुस चार दिवस सुळक्यावर बसून वारा पडायची वाट बघत होता. पाचव्या दिवशी पडला. त्या दुपारी तो जेवायला आला नाही, म्हणून मी ताट झाकून घेऊन गेले.

तो संगणकाच्या पडद्यासमोर बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ही आजोबांची पायरी. किती पक्षी दिसतात?"

आजोबांची पायरी म्हणजे पुढे झुकलेल्या खडकाखालचा कंगोरा. हानुसचा गुडघा गेला तो तिथेच. मी मोजले. "आठ."

त्याने चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. तीन पक्ष्यांचे डोळेसुद्धा दिसायला लागले. उरलेले पाच पक्षी नव्हतेच. खाली वाळलेली पांढरी विष्ठा, वर काळा दगड.

"तिथे पाऊस लागत नाही," हानुस म्हणाला. "पक्षी गेला तरी डाग राहतो. बावीस वर्षं मी घाण मोजली, मारयुन."

"सगळे मिळून किती आहेत?"

"अकराशे साठ. तीनदा मोजले."

मला आधी पक्षी आठवले नाहीत. मला होग्नी आठवला. माझा मुलगा नॉर्वेच्या जहाजावर आहे. नवरा गेल्यापासून या घरात तो वर्षातून दहा दिवस येतो, ते आईसाठी नाही, दोरासाठी. दोर बंद झाला तर तो येणार नाही, हे त्यानेच मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. आणि हानुसचं काय? बावीस वर्षांचे आकडे खोटे होते असं उभं राहून सांगितलं तर या गावात त्याला कोण विचारणार?

मी म्हणाले, "फोटो जरा लहान कर."

"काय?"

"जुना असायचा तेवढा. आणि मोज टाचणीने, नेहमीसारखा."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मग लाख क्रोनर कशाला घातले?"

"तेच मी विचारतेय," मी म्हणाले. ताट ठेवलं आणि निघून आले. हे मी सुचवलं, दुसऱ्या कोणी नाही. त्याची लाज मला वाटते आणि ती जात नाही.

रविवारी चर्चनंतर त्याने लहान केलेला फोटो बैठकीत टेबलावर ठेवला. "दोन हजार नऊशे चाळीस," तो जमिनीकडे बघत म्हणाला. रेगिनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पैसे वसूल, हानुस. आता पुढची वीस वर्षं तूच काढायचे फोटो." माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू.

होग्नी आला. दोर उतरला. संध्याकाळी रेगिन आणि तो माझ्याकडे आले, तेव्हा बादली निम्मीसुद्धा भरली नव्हती. मी अंडी उकडली. हानुसपुढे एक ठेवलं. तो खाणार नाही असं मला वाटत होतं, जरा बरंही वाटलं असतं. त्याने मीठ लावून खाल्लं.

"यंदा वरच्या पायऱ्या रिकाम्याच आहेत," होग्नी म्हणाला.

"मग खाली असतील," रेगिन म्हणाला. "पक्षी जातात कुठे? फोटोत आहेत ना, म्हणजे आहेत. चुकलं आपलं, आपण वरवर फिरलो. पुढच्या वर्षी झुकलेल्या खडकाखाली उतरायचं."

"तिथे गेल्या वीस वर्षांत कोणी गेलं नाही," मी म्हणाले.

"पोरगा दमाचा आहे तुझा. काळजी कसली करतेस?"

त्याने खिशातून टाचणीने टोचलेला तो फोटो काढून अंड्यांच्या टरफलांशेजारी पसरला. होग्नी वाकला. त्याचं बोट बरोबर आजोबांच्या पायरीवर गेलं.

"मामा, इथे किती आहेत?"

हानुसने माझ्याकडे बघितलं. तो माझीच वाट बघत होता. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "कॉफी कोणाकोणाला?"

"आठ," हानुस म्हणाला.

होग्नीने पेन काढून तिथे गोल केला. जून यायला अजून अकरा महिने आहेत, असं मी रोज स्वतःला सांगते.