हजर नसताना केलेली सही

"मॅडम, हाई सही तुम्हनीच शे ना?"

ग्रामसभेत सरपंचाच्या नवऱ्याने रजिस्टर उचलून सगळ्यांना दाखवलं. सही माझीच होती. इंग्रजीत, वळणदार, खाली एक रेघ. पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुष हसले. एक जण म्हणाला, "सही तं कलेक्टरसारखी शे!" पुन्हा हशा.

बाळांनो, तुम्ही फोनवर विचारता, आजी, या वयात गावात कशाला भांडतेस? म्हणून क्रमाने लिहिते.

पारोळ्याजवळच्या आपल्या गावात ग्रामपंचायतीच्या मागे एक खोली आहे. तिथे मुली अभ्यास करायच्या. बारा-तेरा जणी, दहावीच्या, बारावीच्या, एक पोलीस भरतीची. त्यांच्या घरी एकच खोली, तिच्यातच टीव्ही, भाऊ, पाहुणे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज दोन तास त्यांना इंग्रजी शिकवायची. एका सोमवारी गेले तर आत सिमेंटच्या गोण्या, दाराला नवं कुलूप. शिपाई म्हणाला, ठराव झाला, एकमताने.

म्हणून मी ग्रामसभेला गेले. पहिल्यांदा. एकोणचाळीस वर्षं या गावात राहून पहिल्यांदा.

आमच्याकडे बायका सभेला जात नाहीत. शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो. बायका पिठाच्या हाताने सही करतात, कोणी अंगठा देते. मीही करायची, झोपाळ्यावर बसून. वर शिपायाला चहा द्यायची. ती सही म्हणजे मी सभेला हजर. आणि हजर असलेल्या सगळ्यांनी ती खोली गोदामाला देऊन टाकली. मीही दिली. वाचल्याशिवाय सही करू नका, असं वर्गात तीस वर्षं सांगणारी मी.

"आते घर जा, अक्का," सरपंचाचा नवरा म्हणाला. अगदी गोड आवाजात. "ऊनमा कशाला तरास? रजिस्टर आम्ही घर धाडसूत."

त्याची बायको, म्हणजे आमची सरपंच, घरीच होती. तिचीही सही होती.

शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग गप्प व्हायचा. इथे माझं वाक्य पुरं होण्याआधीच गटारीचा विषय सुरू झाला. उठून घरी जावंसं वाटलं. फार वाटलं. गेले नाही.

"मी त्या सभेला हजर नव्हते," मी मोठ्याने म्हणाले. "सही माझी आहे, पण खोटी आहे. हे लिहून घ्या."

ग्रामसेवकाने पेन उचललं. सरपंचाच्या नवऱ्याकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरले. घरी सही देऊ नका, सभेला चला, एवढंच सांगायला. पहिलं घर भरतीवाल्या मुलीचं. तिची आई मजुरीला जाते. दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, इतला वरीसमा तुम्ही आमना वट्टावर कधी बठनात का?"

तिच्या ओट्यावर नव्हते बसले. तिने गोणपाट झटकून अंथरलं. मी बसले. अहिराणी मला समजते, पण बोलायची लाज वाटायची. शिकलेली बाई ना मी! त्या दिवशी अडखळत बोलले. ती पदर तोंडाला लावून हसली. हसू दे.

पुढच्या सभेला नऊ बायका आल्या. खोली मिळाली नाही. विषय पुढे ढकलला.

आता मुली विचारतात, "अक्का, तुमच्या घरी बसू का?" बाळांनो, तुमच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. सरपंचाच्या नवऱ्यानेही निरोप धाडला, मॅडमचं एवढं मोठं घर आहे, तिथे शिकवा.

मी नाही म्हणाले. एक मुलगी चिडून दोन दिवस आलीच नाही. परीक्षा तोंडावर आहे, मला कळतं. रोज वाईट वाटतं. पण मी घर उघडलं की ती खोली कायमची गेली.

आम्ही ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर बसतो, वह्या-पुस्तकं पसरून. आत जाणाऱ्यांना आमच्यामधून वाट काढावी लागते. सरपंचाच्या नवऱ्यालासुद्धा. काढू दे. कुलूप निघेपर्यंत आम्ही तिथून उठणार नाही.