वारेच्या गोळ्या घ्यायच्या ठरवल्या होत्या

मैत्रिणींनो, बाळंतपणानंतर पडणारी वार (प्लॅसेंटा) सुकवून तिच्या गोळ्या घेतल्या की अंगात ताकद येते, असं ऐकून मी त्या करवून घेतल्या. आज सकाळी बाटली घरी आली. पहिली गोळी घेणार, तोच आई ओरडली, "अगं, बाळ लई तापलंय की! दूधबी ओढंना."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाळंतपणात तुम्हाला ताप होता. वार तपासायला ठेवली का?"

"तिच्या गोळ्या केल्या."

डॉक्टर म्हणाले, "एकही घेऊ नका. त्यात जंतू असू शकतात."

बाळ आत काचेच्या पेटीत आहे. मी बाहेर बसलेय. बाळाला कोणत्या जंतूंनी ताप आलाय, हे तपासायला आता वारच उरली नाही.

तुमच्यापैकी कुणी गोळ्या करायचं ठरवलंय? डॉक्टरांना सांगितलंय का?