गव्हावर तांदूळ

१९ ऑगस्ट १९८६, मंगळवार. ओपीडीत मुलांची वजनं घ्यायचा दिवस. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी डाएटिशियन होते, म्हणजे पेशंटनं काय खायचं आणि काय नाही हे ठरवून देणारी बाई. काट्यावर पाच वर्षांची मनाली उभी होती. अकरा किलो. तीन महिन्यांपूर्वीही अकराच.

मनालीला सिलिअ‍ॅक होता. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. काहींच्या आतड्याला ते सोसत नाही. आतलं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर औषध नाही. गहू बंद, कायमचा.

डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. "आई चोरून काहीतरी देतेय," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी अ‍ॅडमिट करा. परत तुकडा काढू."

तुकडा काढणं म्हणजे नळीला लावलेली कॅप्सूल गिळायला लावायची आणि आतड्याचा कण काढायचा. पहिल्या वेळी मनालीला चौघांनी धरलं होतं. तिची आई शोभा हे सगळं ऐकून उठली. बाहेर बाकावर बसून पोरीच्या सँडलचा पट्टा लावत राहिली. तो लागला होता, तरी.

मलाही डॉक्टरांचं पटत होतं. पोर रडतं म्हणून हातावर बिस्कीट ठेवणाऱ्या आया मी पाहिल्या होत्या. मी सरळच विचारलं.

"शोभा, खरं सांग. काय देतेस?"

"मॅडम, घरात गव्हाचा दाणा नाय. हिच्या बाबांनी पाव सोडला. सासूबाई चहात खारी बुडवायच्या, ही बघत बसते म्हणून त्यांनी पण बंद केली. सगळे तांदळाची भाकरी खातो. अजून काय सोडू, सांगा ना."

तिची माणसं मूळची मालवणकडची, राहायला कांजूरमार्गला. भात, मासे, घावन. खरं तर या आजाराला याहून सोयीचं घर नाही. मग वजन का वाढत नव्हतं? मैदा, रवा, शेवया मी यादीतून आधीच काढले होते. डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं म्हणून हिंगही बंद केला होता. मी पुढच्याच स्टेशनला, भांडुपला राहत होते. म्हटलं, आज संध्याकाळी तू सामान आणायला जाशील तेव्हा मी बरोबर येते.

वाण्याकडे काही सापडलं नाही. उलट शोभानं मलाच शिकवलं. ती साबुदाणा, डाळ, तिखट सगळं घरून आणलेल्या डब्यांत घेत होती, कारण वाण्याचा पत्र्याचा चमचा रव्याच्या पोत्यातूनही फिरतो. इतकी काळजी घेणाऱ्या बाईवर मी सकाळी संशय घेतला होता.

शेवटी पिठाची गिरणी. डब्यांची रांग होती. शोभानं तांदळाचा डबा ठेवला आणि गिरणीवाल्या काकांना म्हणाली, "काका, आपला गव्हावरच टाका हां."

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. तिला विचारलं, गव्हावर का?

"बाजरीवर टाकला तर पीठ काळं येतं. बेसनावर टाकला तर ही वासानं भाकरी ढकलते. गव्हावर कसं पांढरं येतं. त्याच्यासाठी मी अर्धा अर्धा तास थांबते, मॅडम."

आधीच्या दळणाचं पीठ जात्याच्या दगडांत आणि खालच्या कापडी नळीत उरतं. ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. कशावर काय दळायचं, हे म्हणूनच प्रत्येक बाई बघते. मीही वीस वर्षं बघत होते. माझ्या छापील यादीत मात्र गिरणीचा शब्द नव्हता.

मी समजावून सांगितलं. शोभाचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच देत होते," ती म्हणाली. मी म्हटलं, यादी माझी होती, चूक माझी.

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सकाळी साडेसातला दगड उघडून ब्रश मारून देतो. नळी हिनं घरून शिवून आणावी. पण हिच्या आधी कोणाचा तरी तांदूळ निघायला पाहिजे, राहिलेला गहू त्याच्यात जाईल. "पहिला डबा तांदळाचा कोण आणणार, बाई? इथे सगळे गहूवाले."

डॉक्टरांनी दोन महिने थांबायचं कबूल केलं. दोन महिन्यांनी काटा साडेबारावर गेला. तुकडा काढावा लागला नाही. डॉक्टर शोभाला काही म्हणाले नाहीत, पण यादीत गिरणीची ओळ घातलीत का, असं मला दोनदा विचारलं. एवढ्या वर्षांत मी एक शिकले: आई खोटं बोलतेय असं वाटलं की आधी आपला कागद तपासावा.

पण ते नंतरचं. त्या बुधवारी सकाळी मी घरातला चार किलो तांदूळ डब्यात भरला आणि साडेसातच्या आधी कांजूरची गिरणी गाठली. शोभा नवी नळी घेऊन उभीच होती. मी माझा डबा तिच्या डब्याच्या पुढे ठेवला.