सगळ्यांचं एक बिल्ड

ऑफिसात तिला सगळे ‘सांधेवाली’ म्हणत. कंपनी रुग्णाच्या नाडीवर लक्ष ठेवणारं यंत्र बनवायची. त्यातला पडदा एका टीमचा, मोजणी दुसरीची, धोक्याचा अलार्म तिसरीचा. प्रत्येकीचा कोड वेगळा, तो बांधायची तऱ्हा वेगळी. एकमत फक्त दुसऱ्याला नावं ठेवण्यात. हे सगळे प्रोजेक्ट एकत्र सांधायचे आणि एका कमांडवर अख्ख्या सॉफ्टवेअरचं ‘बिल्ड’ तयार करायचं, हे काम हिच्या गळ्यात पडलं होतं.

त्यात अलार्मची टीम हिच्या थोरल्या नणंदेची. “माझं मोडून तुझं उभारतेस होय?” असं ती घरी ताटावरही ऐकवायची. नवरा बिचारा मान खाली घालून जेवायचा.

त्या दुपारी हॉस्पिटलची माणसं यंत्र न्यायला आली होती. बिल्ड पहिल्यांदाच एकही चूक न दाखवता पूर्ण झालं. साहेब खूश. हिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिनं स्वतःच्या बोटाला लावलेला नाडी मोजायचा चिमटा काढला. पडद्यावरची नाडी शून्यावर आली.

अलार्म गप्प.

“आवाज बंद असेल,” साहेब म्हणाले. “पाहुणे बसलेत. नंतर बघू.”

“नाही साहेब. हे यंत्र आज जाणार नाही.”

नणंद तरातरा आली. “माझा अलार्म कधी गप्प बसलेला नाही! काय घोळ घातलास?”

“घोळ माझाच असेल, ताई. पण शोधायला तुम्ही हव्यात.”

नणंदेनं खुर्ची ओढली. साहेब दारात येरझाऱ्या घालत होते. दोघी ओळ न् ओळ चाळत गेल्या आणि नणंदेचं बोट एका ठिकाणी थबकलं. मोजणीवाल्यांची एक फाइल, अलार्मची एक, नाव तेच. वेगळ्या होत्या तोवर कुणाचं बिघडलं नव्हतं. एकत्र आल्यावर बिल्डनं एक उचलली, दुसरी, अलार्मची, बिनबोभाट वगळली.

नाव बदललं. पुन्हा बिल्ड. चिमटा काढताच अलार्म असा किंचाळला की पाहुणे धावत आले.

“काय झालं?” हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. साहेब सारवासारव करू लागले.

“अलार्म वाजत नव्हता,” नणंद मधेच म्हणाली. “हिनं पकडलं.”

डॉक्टरीणबाईंनी यंत्र नेलं नाही. “सगळं नीट तपासा, मग बोलवा.” साहेबांनी बरेच दिवस अबोला धरला. नणंदेनं मात्र दुसऱ्या सकाळी कुणाला न विचारता आपलं टेबल सांधेवालीच्या खोलीत आणून ठेवलं.