स्पॅनिशमध्ये दिलेला होकार

मी इंग्रजीला जितका घाबरलो तितका कधी पोलिसालाही घाबरलो नाही. औषध कंपनीचा एमआर म्हणून नोकरीला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात धंतोलीतल्या एका डॉक्टरांसमोर उभं राहून आमचं औषध कशाकशावर चालतं ते धडाधडा म्हणून दाखवलं. त्यात न्यूमोनियाला मोठ्या ऐटीत ‘प्नेउमोनिया’ म्हणालो. कागदावर पी होता, मी पी म्हटला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“हा कोणता नवा रोग आणला गा तू? नागपुरात आला का?”

बाहेरच्या बाकावरचे पेशंट हसले. ज्यांना तो रोग खरोखर झाला होता, तेही खोकत खोकत हसले.

आपण मराठी माणसं. क लिहिला की क म्हणतो. इंग्रजीतली निम्मी अक्षरं मात्र लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखी. हजर असतात, पण बोलत नाहीत. नोकरीभर मी मग एकच पथ्य पाळलं. नवा शब्द आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, मग आपण बोलायचा. आणि डॉक्टर काहीही म्हणाले, कळो न कळो, हसून मान डोलवायची. एमआरने डॉक्टरांना नाही म्हणायचं नसतं.

रिटायर झालो आणि वाटलं, सुटलो. तेवढ्यात शिकायला स्पेनला गेलेल्या मुलीने तिथलाच मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. लग्न नागपूरला आणि संसारही नागपूरला, असं मी ठरवून टाकलं. सक्करदऱ्याच्या घरावर एक मजला चढवला, गॅलरीतून तलाव दिसेल असा. मुलगी फोनवर “बरं बाबा” म्हणायची. एकुलती एक आहे. आणखी काय विचारायचं?

व्याह्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. मुलीकडची बाजू म्हणून स्वागताचे चार शब्द त्यांच्या भाषेत बोलावेत, असं माझ्या मनात आलं. मुलीने मजकूर पाठवला. मी म्हटलं, “देवनागरीत लिहून दे, मले पुन्हा हसं करून नाही घ्यायचं.”

“बाबा, जसं लिहिलंय तसं वाचा. एच मुका. जेचा ख करा. दोन एल आले की य म्हणा.”

“आणि?”

“झालं.”

माझा विश्वास बसला नाही. कुठेतरी दगा असणार म्हणून मी एकेक शब्द फोनवर ऐकून ताडून पाहिला. दगा नव्हता. जे लिहिलं तेच ती माणसं बोलत होती. मुद्दाम तो न्यूमोनियाही शोधला, तर त्यांनी त्यातला पी काढूनच टाकलेला, आणि उरलेला शब्द थेट ‘नेउमोनीआ’ असा म्हणतात. म्हणजे तो एक पी सोडला तर धंतोलीत माझा उच्चार चुकला नव्हता. देश चुकला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी व्याही आणि विहीणबाई घरी आले. मुलगी आत मेंदी काढून घेत बसलेली, जावई आमच्या पुतण्यांबरोबर तर्री पोहे खायला गेलेले. मी उभा राहिलो आणि सगळं भाषण एका दमात म्हटलं. ‘कोन मूचो गुस्तो’, म्हणजे मोठ्या आनंदाने, हे तर इतकं ठसक्यात म्हटलं की व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथे खरं तर बसायला हवं होतं.

माझी ती वाणी ऐकून दोघांची खात्रीच पटली की मला भाषा येते. विहीणबाई खुर्ची ओढून जवळ आल्या आणि हळूहळू, डोळ्यांत बघत बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळलं नाही. पण समोर विहीण, त्यात आपण मुलीकडचे, आणि मी जन्माचा एमआर. मी हसून त्यांच्यातला ‘हो’ म्हटला, “सी.” त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं. “सी, सी.” व्याही उठून उभे राहिले. आता काहीतरी मोठं म्हणायला पाहिजे असं वाटून मी म्हटलं, “कोन मूचो गुस्तो.”

विहीणबाई रडायलाच लागल्या. त्यांनी माझ्या बायकोला मिठी मारली.

“काय म्हटलं जी तुम्ही त्यांले?” बायको मिठीतूनच म्हणाली.

आवाज ऐकून मुलगी बाहेर आली, मेंदीचे हात वर धरून. सासू तिच्याशी बोलली. मुलगी माझ्याकडे वळली.

“बाबा, त्यांनी विचारलं, लग्नानंतर आम्ही दोघं इथे न राहता कायमचे त्यांच्याजवळ राहिलो तर तुम्हाला चालेल का. तुम्ही हो म्हणालात. मोठ्या आनंदाने म्हणालात.”

इंग्रजीत हे झालंच नसतं. पहिल्या वाक्यातच माझा उच्चार ऐकून समोरच्याला कळलं असतं की या माणसाला काही विचारण्यात अर्थ नाही. इंग्रजीने आयुष्यभर माझी फजिती केली, पण माझी मुलगी नेली नाही.

“सांग त्यांले, मले समजलं नाही म्हणून.”

“सांगते,” ती म्हणाली. पण सांगेना. मेंदीकडे बघत उभी राहिली.

“काहून गप्प आहेस?”

“बाबा, मीच सांगणार होते. तुम्ही मजला बांधून राहिले होते. फोनवर रोज विटा, रोज टाइल्स. कसं सांगू?”

बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, “मले वाटलंच होतं.” म्हणजे घरात फक्त मलाच वाटलं नव्हतं.

व्याही आमच्या तोंडांकडे पाहत होते. मी मुलीला म्हटलं, “त्यांले विचार, दरवर्षी महिनाभर तरी तुम्हाले पाठवतील का. बरोबर विचार. एक शब्द इकडचा तिकडे करू नको.”

तिने विचारलं. विहीणबाई बरंच काही बोलल्या, मध्ये थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा बोलल्या. या वेळी मी हसलो नाही, मानही हलवली नाही. मुलीच्या तोंडाकडे बघत बसलो, ती मराठीत काय सांगते त्याची वाट पाहत.