चौघांची सोयरीक आणि तिघांचं चलन

“तीन न्हाईत, चार हायत! डोळे फुटले का तुझे?”

चाकूरच्या घराच्या अंगणात काका माझ्या मोबाइलवर ओरडत होते. फोनवर कुणी नव्हतं, ते मोबाइललाच ओरडत होते. मी तो त्यांच्या तोंडापुढं धरला होता. काकांचा आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली कोंबडी त्या दिवसापासून अंडं द्यायची बंद झाली, अशी तिच्या मालकिणीची तक्रार अजून चालू आहे.

मोबाइलमध्ये चलन होतं. आदल्या दिवशी ते मला नांदेडला आलं होतं. माझ्या नावावरची, चाकूरच्या घरी असलेली मोटारसायकल, लातूरचा चौक, हेल्मेट नाही आणि ट्रिपल सीट. सोबत फोटो. चालवणाऱ्यानं दस्तीनं तोंड असं आवळून बांधलं होतं, की सख्ख्या आईनंसुद्धा त्याला खंडणीखोर समजून दार लावून घेतलं असतं. मी मात्र ओळखलं. ती दस्ती मीच काकांना दिवाळीला घेतली होती. पण पोलिसांना दस्ती ओळखू येत नाही, नंबर ओळखू येतो. आणि नंबर माझा.

दुसऱ्या कुणाला असलं चलन आलं असतं, तर त्यानं दंड भरून चहा पिला असता. माझं तसं नव्हतं. मी नांदेडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. माझ्या हाताखालून इतकी माणसं गेली आहेत, की अर्धापूर नाक्यावर कुणी करकचून ब्रेक दाबला तर माझ्या पायाच्या पोटरीत गोळा येतो. फळ्यावर रोज मीच लिहितो : दुचाकीवर दोनापेक्षा जास्त बसले तर दंड, आणि लायसन्स तीन महिने बाद. हेल्मेट नसलं तरी तेच. प्रत्यक्षात किती जणांचं बाद होतं, हा वेगळा विषय. पण कायदा पाठ असलेल्या माणसाला झोप कमी लागते. आणि लायसन्स बाद झालेला मास्तर गाडी शिकवणार कशी? मालक मला ठेवणार कशाला? ती रात्र मी गादीवर नुसते गिअर बदलत काढली आणि सकाळची पहिली एसटी धरून चाकूर गाठलं.

मला काकांकडून एकच गोष्ट पाहिजे होती. त्यांनी लातूरच्या वाहतूक शाखेत येऊन सांगायचं, की गाडी मी चालवत होतो, हा नव्हता. बस्स.

“सांगतो की,” काका म्हणाले. “पण आधी ते तीन खोडायला लाव.”

आता ह्या तीनाचं सांगायला पाहिजे. चुलतभावासाठी मुलगी बघायला औशाला जायचं होतं. काका, चुलतभाऊ आणि सोयरीक आणणारा मध्यस्थ, असे तिघं निघाले. शुभकामाला तिघांनी जाऊ नये, तीन तिगाडा काम बिगाडा, हे आमच्याकडं पाळण्यातलं लेकरूही जाणतं. लोक अशा वेळी चौथा म्हणून खिशात एक खडा टाकतात. पण काकांना खडा पटला नाही. “खडा काय बोलणार हाय का बैठकीत?” म्हणून त्यांनी चाकूरच्या स्टँडवरून लातूरकडं निघालेला एक अनोळखी माणूस मागं बसवून घेतला. तीनाची आपत्ती चारावर नेऊन टाळली. हा चौथा कोण, हे घरात आजतागायत कुणालाच माहीत नाही. त्याला लातूरला उतरायचं होतं, पण काकांनी त्याला औशापर्यंत नेला. तिथं त्यानं दोन प्लेट पोहे खाल्ले. मुलीला स्वयंपाकाचं आणि मुलीच्या बापाला सोयाबीनचं विचारलं, आणि “स्थळ चांगलं हाय, लांबवू नका” हे असं काही ठासून सांगितलं, की ते लोक त्यालाच नवऱ्या मुलाचा मामा समजले. सोयरीक जमली. आणि आता सरकारी कागदावर तीन लिहून आलं होतं.

“उद्या त्यांच्याकडं कुणी दाखवलं हे, तर?” काका म्हणाले. “तिघं गेलते म्हणून मोडायचं की सगळं.”

“काका, तीन काय, चार काय, माझं लायसन्स जाऊन राहिलंय.”

“तुझं जाऊन राहिलंय, त्याचं लगीन जाऊन राहिलंय. कोणतं मोठं?”

काकांना घेऊन मी लातूरला गेलो. एसटीत सबंध रस्ताभर त्यांना पढवत होतो. फक्त एवढंच म्हणा, गाडी मी चालवत होतो. बाकी एक शब्द न्हाई. “हाव,” काका म्हणायचे आणि खिडकीबाहेर कोणाच्या रानात किती पीक आलंय ते मोजायचे. माझा पाय मात्र बसच्या पत्र्यावर सारखा ब्रेक दाबत होता. पुढच्या सीटवरची बाई दोनदा वळून म्हणाली, “भाऊ, बस ड्रायव्हर चालवून राहिलाय. तुम्ही बसा की निवांत.”

वाहतूक शाखेत टेबलामागं एक हवालदार मॅडम होत्या. मी अर्ज दिला. त्यांनी काकांकडं पाहिलं.

“बाबा, गाडी तुम्ही चालवत होता?”

“हाव. पण आम्ही चार होतो.”

मी डोळे मिटले.

“फोटोत तीन दिसतात.”

“नीट बघा ना बाई. शेवटच्याच्या मागं अजून एक हाय. त्याचं एक पाऊल दिसून राहिलंय बघा.”

मॅडमनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेजारचे दोन शिपाईही वाकले. शेवटी एक चप्पल सापडली, अर्धी. मी नोकरीत राहतो का जातो ते ठरत होतं, आणि तिथं सगळे मिळून चप्पल कोणत्या पायाची ते ठरवत होते.

“चारच आहेत,” मॅडम म्हणाल्या. “पण बाबा, त्यानं काही सुटत नाही. चालवणाऱ्याच्या मागं एकच बसायचा. कलम तेच.”

“कलम राहू द्या. चार लिहा.”

त्यांनी शेऱ्यात चार लिहिलं. चालवणारा म्हणून काकांचं नाव घेतलं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच त्यांनी हात पुढं केला.

“तुमचं लायसन्स?”

“ते कशाला?” काका म्हणाले. “मी राजदूत फटफटी असल्यापासून चालवतो. रस्ता खालून गेला, पण मी पडलो न्हाई.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. पुढचं मला पाठच होतं, मीच फळ्यावर लिहितो. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवायला दिली, तर गाडीच्या मालकावर वेगळा गुन्हा. दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

“चावी तुम्ही दिली का ह्यांनी न विचारता नेली?” मॅडमनी विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “न विचारता नेली असेल तर तसं लिहून द्या. तुमच्यावर येणार नाही.”

खरं बघितलं तर न विचारताच नेली होती. आमच्या घरात गाडीची चावी कुणी मागत नाही. दाराच्या चौकटीला खिळा आहे, त्याला ती अडकवलेली असते. ज्याचं काम निघेल त्यानं काढायची. मागितली तर घरच्यांना वाटतं, ह्याचं काहीतरी बिनसलं. पण हे कागदावर कसं लिहायचं? कागदावर न विचारता नेणं म्हणजे चोरी. आणि ज्यानं मला पाचवीपासून शिकवलं, त्या माणसाला मी लातूरच्या टेबलापुढं चोर करायचं?

काका स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

“मी दिली,” मी म्हणालो.

“पुन्हा विचार करा.”

“मीच दिली. हातानं.”

प्रकरण कोर्टात गेलं, तिथं आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. कबूल केलं, दंड भरला, कैद झाली नाही. ट्रिपल सीट माझ्या माथ्यावरून उतरली, लायसन्स माझ्याकडंच राहिलं. पण गुन्हा तर झालाच होता, आणि तोही कोणता? बिनलायसनवाल्याला गाडी देण्याचा. देणारा कोण? गाडी शिकवणारा. लपवून उपयोग नव्हता. नांदेडात बातमी माझ्या आधी पोचते. मी सगळे कागद घेऊन स्कूलच्या मालकांपुढं जाऊन उभा राहिलो. काढायचं तर आजच काढा, असं वाक्य चाकूरपासून घोकत आलो होतो, ते म्हणून टाकलं.

मालकांनी कागद सावकाश वाचले, उलटून मागची बाजू पाहिली आणि मला परत दिले.

“सोमवारपासून चुलत्याला सकाळच्या बॅचला बसव.”